नमुना क्रमांक सतरा

सोमवार, २ डिसेंबर. सकाळ.

टाक्. टाक्. टक टक. टाक्.

गुरुजींच्या वहाणेला नाल होती. पेणच्या शाळेत शहाबादी फरशीवरून ते वृत्ते चालून दाखवत. लांब पाऊल गुरू, आखूड पाऊल लघू. भुजंगप्रयाताचा एक चरण म्हणजे फळ्यापासून खिडकीपर्यंत. पासष्ट वर्षे झाली. आज पहाटे तोच आवाज स्पष्ट ऐकला आणि उठून बसलो. स्वयंपाकघरात आमची सौ. जयमाला चहासाठी आले ठेचत होती.

म्हटले, तू आत्ता मालिनी वृत्त ठेचलेस. ती म्हणाली, "दूध उतू जातंय, ते बघा."

चहा घेताना चौथीतली कविता म्हणायला घेतली. दोन कडवी झाली. तिसरे जागेवर नव्हते. विसरलो असे नाही. कोणीतरी हलवल्यासारखे वाटले. जयमाला म्हणाली, "परवा गॅसही चालू ठेवला होतात. वाशीला विसरभोळेपणाचे डॉक्टर आहेत, एकदा दाखवून येऊ."

गॅस मीच चालू ठेवला हे सिद्ध झालेले नाही.

संकल्प : डॉक्टर नाही. रोज एक कविता पाठ. रोजनिशी लपवून ठेवायची. मागच्या पानावर हळदीचे बोट उमटले आहे. ते माझे नाही.

बुधवार, ४ डिसेंबर.

नात ईश्वरी खारघरला एका संस्थेत पीएच.डी. करते. आजवर विषय विचारला की "पेशींवर" एवढेच सांगायची. आज वरण गार होईपर्यंत बोलली.

पेशीच्या पोटात केंद्रक. मिठाच्या एका कणात ओळीने तीस-चाळीस मावतील एवढे. त्यात दोन मीटर धागा! म्हटले, कोंबतात कसा? म्हणाली, "कोंबत नाहीत आजोबा, लावून ठेवतात. कुठे काय ठेवलंय त्यावर पुष्कळ अवलंबून असतं." प्रत्येक पेशीत तेच पुस्तक असते. पण डोळ्याच्या पेशीने डोळ्याची पाने उघडायची, कातडीच्या पेशीने कातडीची. जी लागत नाहीत ती पाने गुंडाळून कडेला, केंद्रकाच्या भिंतीला आतून जाळी असते तिला चिकटवून ठेवायची. चालू पाने बहुतेक मधल्या भागात.

हातातला घास तसाच. चरण आपोआप आले :

कडेला पडे जे मुके होत जाते
मधे जे वसे ते सदा गीत गाते

ईश्वरी म्हणाली, "मस्त! पण 'सदा' नको, 'बहुतेकदा' म्हणा."

'बहुतेकदा' भुजंगप्रयातात बसत नाही. हा विज्ञानाचा दोष.

पुढे म्हणाली, म्हातारपणी जाळी सैल पडते, भिंतीला चुण्या पडतात, बंद पाने भलत्या वेळी उघडतात. तरीच मला पेण एवढे स्वच्छ आठवते! तर म्हणे, "आठवणी जनुकांत नसतात हो आजोबा." पंचवीस वर्षांची आहे. कळेल हळूहळू.

महत्त्वाचे : त्यांना सत्तरीपुढच्या माणसांची कातडी हवी आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, दंडाच्या आतल्या बाजूची. मी लगेच हात वर केला. चुणी नसलेले केंद्रक निघाले की डोके शाबूत असल्याचा लेखी पुरावा. वाशीची गरजच काय?

जयमाला म्हणाली, "कातडी हाताची, आणि विसरता डोक्याने."

म्हटले, पुस्तक सगळीकडे तेच असते, ही आत्ताच म्हणाली ना. शेवटी तह झाला. चित्र चांगले आले तर वाशीचे नाव काढायचे नाही. वाईट आले तर मी मुकाट्याने जायचे. दुसरे कलम मी निश्चिंतपणे मान्य केले.

शुक्रवार, १३ डिसेंबर.

कातडी दिली. मुंगी चावल्याएवढे दुखले. नंतर डोळे मिटले ते आनंदाने.

रांगेत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष रावसाहेब. वय एकोणऐंशी, आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, प्राणायाम असा करतात की तळमजल्यावरचे कुत्रे भुंकते. हे कशाला आले? मी येणार हे त्यांना कोणी सांगितले?

त्यांच्यामागे गिरजाबाई. दिवाळे गावची कोळीण. तीस वर्षे आमच्या दारात मासळी आणते. तिलाही ईश्वरीनेच तयार केले. डॉक्टरांना विचारत होती, "कातडीचा काय करनार? कोलंबीसारखी सोलनार का काय?" वय विचारले तर म्हणाली, "सत्तरच्या फुडं हाय. किती फुडं त्ये आमच्या आयला ठाव."

ईश्वरीला बाजूला घेऊन समजावले की जन्मभर खारा वारा, ऊन, सुक्या बोंबलांचे वाळवण. अशा आयुष्यात केंद्रक काय टिकणार? अभ्यासाची सरासरी उगाच खाली येईल. ती म्हणाली, "आजोबा, हळू बोला."

नमुन्यांना नाव नसते, नंबर असतो. कोणाचा कुठला हे ईश्वरीलाही कळत नाही, यादी दुसऱ्याच्या कुलपात. प्रत्येकाला नंबराची पावती मिळते.

पावती धोकादायक. घरी येताच फाडली. दोन तुकडे ओल्या कचऱ्यात, दोन सुक्या. नंबर या रोजनिशीतही लिहीत नाही (हळद!). तो एका वृत्तात लपवला आहे. वृत्ताच्या चरणात जेवढी अक्षरे, तेवढा माझा नंबर. वृत्त डोक्यात. याहून सुरक्षित जागा कुठली?

गुरुवार, २६ डिसेंबर.

निकाल कधी, असे विचारले. पेशी आधी बशीत वाढवाव्या लागतात म्हणे, आठवडे जातात. म्हटले, माझ्या जोमाने वाढत असतील. ती म्हणाली, "कुठल्या तुमच्या ते मला माहीत नाही ना!"

फार ठासून म्हणाली.

कविता पाठ करण्याचा संकल्प नव्या वर्षापासून. डिसेंबरात काही सुरू करणे शुभ नाही.

मंगळवार, ७ जानेवारी.

आज नवीन कळले. जनुकाचा दिवा लावणारा स्विच कधी कधी जनुकापासून फार लांब असतो. धाग्याची घडी पडते, दोन लांबची टोके शेजारी येतात, दिवा लागतो. मध्ये सीमेचे दगड असतात, म्हणून भलताच स्विच भलत्या दिव्याला लागत नाही.

संध्याकाळी पाच वाजता लिफ्टजवळ ईश्वरी आणि रावसाहेब. शेजारी शेजारी. रावसाहेबांच्या हातात मोबाइल, दोघे त्यात वाकून बघत होते. कोणता दिवा लावायचा बेत आहे?

जेवताना सहज विचारले. ईश्वरी म्हणाली, त्यांना फोनवर मराठी टाइप करता येत नव्हते, ते शिकवले. उत्तर तयार होते.

रविवार, १९ जानेवारी.

आज घराचा नकाशा काढला. निष्कर्ष धक्कादायक.

मधल्या भागात टीव्ही, जयमालाची आरामखुर्ची, ईश्वरीचे टेबल, मुलगा आशुतोष तळोज्याहून ड्यूटी करून आला की लोळतो तो सोफा. माझी कॉट खाडीकडच्या भिंतीला. माझी कवितांची पुस्तके बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे, प्लास्टिकात गुंडाळलेली. म्हणजे कडेला, जाळीला चिकटून, बंद! या घरात माझे कोणी ऐकत नाही याचे कारण स्वभाव नसून स्थान आहे, हे आज शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले.

दुपारी सगळे झोपल्यावर कॉट ओढत हॉलच्या मध्यावर आणली. तिच्यावर बसून दोन कविता मोठ्याने म्हटल्या. गीत गाते!

सोमवार, २० जानेवारी.

कॉट परत भिंतीला.

आशुतोष रात्रपाळीहून येताना तिच्यावर आपटला. जयमाला म्हणाली, "उद्या मोरीत बसून म्हणाल, इथे आवाज घुमतो."

ईश्वरीने मात्र गंभीरपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, कडेला गेले म्हणून मुके झाले असेच नेहमी नसते. काही वेळा आधी मुके होते, मग कडेला जाते. काही कडेला राहूनही बोलतात. म्हणाली, "तुम्ही आधी रोज मला कविता म्हणून दाखवायचात. मी दहावीत गेले तेव्हापासून तुम्हीच बंद केलंत."

यावर उत्तर आहे. उद्या लिहीन.

मंगळवार, २१ जानेवारी.

पाठ दुखते. कॉट जड आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी.

मराठी भाषा दिन. संघाच्या हॉलमध्ये काव्यवाचन. मी चौथीतली तीच कविता म्हणायला कागद न घेता उभा राहिलो. बाकीचे मोबाइल धरून वाचत होते, मला त्यांची कीव आली.

दोन कडवी खणखणीत. तिसऱ्यापूर्वी मी मुद्दाम थांबलो. कसलेले कवितावाचक थांबतात, त्याने परिणाम वाढतो. परिणाम वाढत असतानाच मागून रावसाहेबांनी तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ सांगितली. जरा मोठ्यानेच. त्यामुळे माझी समाधी भंगली आणि पुढचे दोन शब्दही गेले. सबब, खाली बसलो.

टाळ्या बऱ्याच झाल्या. फार वेळ झाल्या. संशयास्पद.

घरी येताना जयमाला रिक्षात माझा हात धरून बसली. ती रिक्षात कधी हात धरत नाही. लगेच म्हटले, उद्या संस्थेत चित्रे लागणार आहेत, बघच.

रात्री तिसरे कडवे आठवायचा प्रयत्न केला. रावसाहेबांच्याच आवाजात आठवले.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. विज्ञान दिन.

विजय! विजय!

संस्था आज सर्वांना खुली होती. ईश्वरीचे पोस्टर तिसरे. काळ्या पार्श्वभूमीवर निळी केंद्रके, प्रत्येकाखाली नंबर. पोस्टरसमोर उभा राहिलो आणि वृत्त एकदम आठवेना. गर्दीमुळे. सगळी चित्रे सावकाश पाहिली. बारा, बरे. चौदा, ठीक. एकोणीस, अरेरे! भाजताना वाकडा झालेला पापड, एका बाजूला फुगवटा, जाळी सुटलेली. आणि सतरा. वाटोळे, नितळ, पौर्णिमेचा चंद्र. कडेला बारीक नक्षी, बंद पाने शिस्तीत लावलेली.

ते पाहताक्षणी वृत्त आठवले. मंदाक्रांता! सतरा अक्षरे!

जयमालाला दाखवले. ती म्हणाली, "पावती?" म्हटले, पावती माणसाला लागते, मला वृत्त पुरते.

ईश्वरी मध्ये पडली. एका माणसाच्या शेकडो पेशी पाहिल्या, त्यातली एक इथे लावली आहे. एकीवरून माणसाबद्दल काही ठरत नाही. शिवाय ही कातडीची पेशी, डोक्यातले काही सांगत नाही. मी तिच्या पाठीवर थोपटले. नवीन पिढीला यश सहज घेता येत नाही.

"खात्री करायची तर यादीवाल्यांना विचारा, ज्याचा त्याला नंबर सांगतात," असेही म्हणाली. कशाला? आपण आपल्यावरच संशय घ्यायचा?

एकोणीस कोणाचे ते मी ओळखले. एवढा प्राणायाम करून काय उपयोग. मला वाईट वाटले. दोन फोटो काढले, सतराचा आणि एकोणीसचा.

सोमवार, ३ मार्च.

सतराचे मोठे प्रिंट, खालच्या नंबरासकट, काढून आणले. फ्रेम सोनेरी. खाली पितळी पट्टी : "श्री. श्यामसुंदर यांचे केंद्रक. वय ७६." हॉलमध्ये, कॅलेंडर होते तिथे लावले. मध्यभागी.

जयमाला म्हणाली, "चतुर्थी कधी ते आता ह्यात बघायचं?"

तिने वाशीची पुढच्या मंगळवारची, सकाळी अकराची वेळ घेऊन ठेवली होती. मी तहाची आठवण दिली आणि फोन करून रद्द करायला सांगितली. करते म्हणाली.

रविवारी पाच वाजता संघाच्या सभासदांना घरी बोलावले आहे. विषय : "माझे केंद्रक". सोबत चहा आणि फोडणीचे पोहे.

शनिवार, ८ मार्च.

भाषण तयार. सत्तावीस मिनिटे. शेवटी तीच कविता, चारही कडवी. आज तीनदा म्हटली. दोनदा पूर्ण, कागद हातात असताना.

सकाळी दारात गिरजाबाई आणि जयमाला. वजनाला एवढा वेळ लागत नाही. मी पाणी प्यायच्या निमित्ताने जवळ गेलो तर गिरजाबाई मोठ्याने म्हणाली, "काकी, बांगडा ताजा हाय बघा, डोला बघा डोला!" आणि दोघी हसल्या. बांगड्याच्या डोळ्यात हसण्यासारखे काय असते? जयमालाला विचारले. म्हणाली, "काही नाही हो, बायकांचं."

वाशीची वेळ रद्द केलीस का, विचारले. "करते ना," म्हणाली. पाच दिवस झाले, करतेच आहे.

सोमवार, १० मार्च. सकाळी साडेदहा.

उद्या, मंगळवार ११ मार्च, सकाळी ११, वाशी, डॉक्टर. शाईने लिहिले आहे. दुसरा कागद फ्रिजवर लावला आहे.

आत्ता यादीवाल्यांना फोन केला. नाव, जन्मतारीख, आधारचे शेवटचे चार आकडे. मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमचा एकोणीस."

शार्दूलविक्रीडित. एकोणीस अक्षरे. तेच वृत्त होते. तिने आकडा सांगितल्यावर लख्ख आठवले. मंदाक्रांता डोक्यात कशी शिरली याचा तपास करीन.

एका पेशीवरून माणसाबद्दल काही ठरत नाही, हे ईश्वरीचे मत मला पहिल्यापासून पटत आले आहे. तह मात्र तह.

कालची हकीकत नोंदीसाठी.

सात जण आले. रावसाहेब पुढच्या खुर्चीत. मी छडीने फ्रेम दाखवत जाळी, कड, मधला भाग समजावला. लोक रमले. मग मोबाइलवर एकोणीसचा फोटो काढून फिरवला. म्हटले, हेही आपल्यापैकीच एक. यांनी आपली पाने सांभाळली नाहीत. नाव घेत नाही. आणि रावसाहेबांकडे पाहिले. मी पाहिले म्हणून सगळ्यांनी पाहिले.

रावसाहेबांनी पाकिटातून पावती काढली. "माझा बारा. बरं आहे हो, माझी फिरकी घेताय. पण मग हा पापड कुणाचा?"

म्हटले, विज्ञान नावे सांगत नाही.

"आणि तुमचा सतरा कशावरून? पावती दाखवा की."

इथे मी वृत्ताची युक्ती सांगितली. पावत्या हरवतात, भिजतात, चोरीला जातात, स्मरणशक्ती जात नाही, असे म्हटले. हे वाक्य भाषणात नव्हते, उत्स्फूर्त होते. टाळी पडली. ईश्वरी कपाळाला हात लावून बसली होती, तिचे डोके दुखत असावे. जयमाला पोह्यांच्या बशा तशाच हातात धरून दाराकडे बघत होती.

बेल वाजली.

दारात गिरजाबाई. संध्याकाळी ती कधी येत नाही. डोक्यावर टोपली नाही. हिरवे कोरे लुगडे, केसांत अबोलीचा वळेसर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद. माझ्याकडे न बघता जयमालाला म्हणाली, "आली बाय मी. कुठं हाय माजा फोटू?"

ती चपला काढून सरळ आत आली. पिशवीतला कागद रावसाहेबांच्या हातात दिला. "साहेब, मना वाचता नाय येत. सतराच हाय ना? त्या हापिसातली पोरगी तसाच बोल्ली."

रावसाहेबांनी चष्मा लावला. कागद वाचला. भिंतीवरच्या चित्राखालचा नंबर वाचला. परत कागद वाचला. मग, एरवी प्राणायामाला लावतात तेवढ्या आवाजात म्हणाले, "सतरा."

गिरजाबाई फ्रेमसमोर गेली. पदराने काच पुसली. बराच वेळ बघत राहिली.

"मना वाटला तोंडाचा फोटू आसंल. ह्यो तं पापलेटाचा डोला! ताजा हाय पन." मग तिने मान वळवून प्रथमच माझ्याकडे पाहिले आणि पितळी पट्टीवर बोट ठेवले. "फ्रेम झ्याक केलीव काका. पन खाली ह्ये नाव कोनाचं लिवलंय?"